उरलेले नव्वद टक्के

कापसावरील बोंडअळीसाठी दुकानात मिळणाऱ्या एका परिचित औषधाच्या बाटलीवर 'सायपरमेथ्रिन १० टक्के ई.सी.' असे छापलेले असते. याचा अर्थ असा, की बाटलीतील द्रव्याच्या शंभर भागांपैकी अळी मारणारे रसायन फक्त दहा भाग आहे. मग उरलेले नव्वद भाग कशाचे? पुष्कळांना वाटते, की ते पाणी असावे किंवा कारखानदाराने वजन भरून काढण्यासाठी घातलेली काहीतरी भर असावी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या नव्वद भागांमागे रसायनशास्त्राचा मोठा खटाटोप आहे. पीक वाचणार की करपणार आणि फवारणारा माणूस सुखरूप राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

तांदळाच्या दाण्याचा चौथा हिस्सा

समजा, शेतकऱ्याच्या हाती आपण शुद्ध सायपरमेथ्रिनच दिले, तर काय होईल? हा पदार्थ पिवळसर तपकिरी रंगाचा आणि मधासारखा दाट व चिकट असतो. कापसाच्या एका हेक्टरला तो साधारण ५० ते ७० ग्रॅम पुरतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. आता हिशोब करा. ५० ग्रॅमला १०,००० ने भागले, की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला ५ मिलिग्रॅम येतात. तांदळाच्या एका दाण्याचे वजन सुमारे २० मिलिग्रॅम धरले, तर हा झाला दाण्याचा चौथा हिस्सा. एवढासा चिकट पदार्थ एक चौरस मीटर जागेतील प्रत्येक पानावर सारखा पसरायचा आहे!

हाताने हे होणे शक्य नाही. त्याला वाहून नेण्यासाठी भरपूर, स्वस्त आणि निरुपद्रवी द्रव हवा. असा द्रव म्हणजे पाणी. पण इथेच घोडे अडते. सायपरमेथ्रिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एका लिटर पाण्यात ते एक मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिस्स्याइतकेही विरघळत नाही. ते तसेच पंपात टाकले, तर तळाला चिकटून बसेल. शेताच्या नव्याण्णव भागांवर नुसते पाणी पडेल आणि एखाद्या कोपऱ्यात सगळे विष ओतले जाईल.

ही अडचण केवळ सायपरमेथ्रिनची नाही. १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्यूलर यांनी डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला. त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डी.डी.टी.सुद्धा पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र विरघळते. यात एक मर्म आहे. कीटकाच्या अंगावर मेणचट थराचे चिलखत असते. ज्या रसायनाला तेला-मेणाची ओढ आहे, तेच या चिलखतातून सहज आत शिरते. म्हणजे ज्या गुणामुळे औषध परिणामकारक ठरते, त्याच गुणामुळे ते पाण्याशी फटकून वागते. हे मर्म लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

अशा रसायनाला वापरण्याजोगे रूप देणे, याला या व्यवसायात 'फॉर्म्युलेशन' म्हणतात. आपण त्याला 'सिद्ध रूप' म्हणू. चांगल्या सिद्ध रूपाला चार अटी पाळाव्या लागतात. ते पाण्यात सारखे मिसळले पाहिजे. पानावर पसरून टिकले पाहिजे. दुकानातील फळीवर दोन वर्षे न बिघडता राहिले पाहिजे. आणि चौथी, सर्वांत अवघड अट म्हणजे ते हाताळणाऱ्याला शक्य तितके निर्धोक असले पाहिजे.

द्राक्षमळ्यातील धडा

सिद्ध रूपाचे महत्त्व शिकवणारे एक जुने उदाहरण फ्रान्समधील आहे. बोर्दो शहराजवळच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे लोक चोरून खात. म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर, किळसवाणे दिसणारे मिश्रण शिंपडत. १८८२ साली प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की केवडा रोगाने सगळा मळा झडला असताना रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. यूलिस गायाँ या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. तेच आजचे 'बोर्डो मिश्रण'.

यात बुरशी मारणारा घटक आहे तांबे. मग चुना कशाला? नुसते मोरचूद पाण्यात सहज विरघळते. पण ते फवारले तर पाने करपतात आणि पहिल्याच पावसात ते धुऊन जाते. चुन्याशी संयोग झाला, की त्याचा आम्लपणा जातो आणि तांब्याचा न विरघळणारा, अतिशय बारीक निळा साका तयार होतो. हा साका पानाला चिकटून बसतो आणि दवाच्या ओलाव्यात थोडे थोडे तांबे सोडत राहतो. इथे प्रश्न उलटा होता. जे फार विरघळत होते, त्याला कमी विरघळणारे करायचे होते. विष तेच राहिले. फक्त रूप बदलले आणि घातक द्रव्याचे औषध झाले.

कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर आजही हे मिश्रण वापरतात. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या भांड्यांत करून तिसऱ्या भांड्यात एकदमच ओततात. भांडी लोखंडाची चालत नाहीत. मिश्रण बरोबर जमले की नाही, हे पाहण्याची युक्ती शाळेतील रसायनशास्त्रात बसणारी आहे. त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला, तर विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे, म्हणजेच चुना कमी पडला आहे. लोखंड द्रावणातील तांब्याला बाहेर ढकलते, हे तुम्ही शिकला आहातच.

फिनेलचे दूध

आता आपल्या बाटलीकडे परत येऊ. तिच्यावरील 'ई.सी.' ही अक्षरे म्हणजे पाण्यात पायस होणारे संहत द्रावण. घरात फरशी पुसताना बादलीभर पाण्यात फिनेलचे टोपण उपडे केले, की पाणी एकदम दुधासारखे पांढरे होते. हेच पायस. तेल पाण्यात विरघळलेले नसते. त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि ते प्रकाश विखुरतात, म्हणून पाणी पांढरे दिसते. दूधही असेच स्निग्धांशाचे पायस आहे.

ई.सी. तयार करताना कीटकनाशक आधी झायलीनसारख्या तेलकट विद्रावकात विरघळवतात. उरलेल्या नव्वद भागांतील बहुतेक वाटा या विद्रावकाचा असतो. त्यात साधारण पाच ते दहा भाग पायसीकारक घालतात. पायसीकारकाचा रेणू दुतोंडी असतो. त्याच्या एका टोकाला पाण्याची ओढ, तर दुसऱ्याला तेलाची. बाटलीतील द्रव्य पाण्यात पडले, की हे रेणू तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती कडे करतात. तेलाची आवड असणारे टोक आत आणि पाण्याची आवड असणारे टोक बाहेर. त्यामुळे थेंब एकमेकांना मिळत नाहीत आणि तेल वर येत नाही.

साधा साबणही हेच काम करतो. गावोगावी केला जाणारा पाच टक्के निंबोळी अर्क पाहा. ५ किलो निंबोळ्यांचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात सुमारे २०० ग्रॅम साबण विरघळवून एकूण १०० लिटर द्रावण करतात. साबणामुळे निंबोळीतील तेलकट अंश पाण्यात मिसळतो आणि पानावर पसरतो. मात्र यातील अझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक उन्हात लवकर नाश पावतो. म्हणून अर्क ताजाच वापरायचा आणि फवारणी संध्याकाळी करायची. तो बाटलीत भरून विकायचा असेल, तर टिकाऊपणाची तिसरी अट आडवी येते आणि खरी कसोटी तिथेच लागते.

साबणाची आणखी एक खोड आहे. त्याला जड पाणी मानवत नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात आणि पाण्यात चिकट चोथा होतो. पायसीकारकच नाहीसा झाला, तर पायस फुटणारच. म्हणून कारखान्यात साबणाऐवजी दोन प्रकारच्या पायसीकारकांची जोडी वापरतात. एक विद्युत्‌भार असलेला, पण मुळातच कॅल्शियमचा क्षार. दुसरा कोणताच विद्युत्‌भार नसलेला, ज्याच्याशी कॅल्शियमला काही कर्तव्य नसते. प्रयोगशाळेत ही जोडी मुद्दाम बनवलेल्या जड पाण्यात तपासतात. त्या पाण्यात दहा लाख भागांत ३४२ भाग इतका जडपणा असतो. पायस तासभर तसेच ठेवून वर साय किंवा खाली गाळ किती येतो, ते मोजतात.

टिकाऊपणाची परीक्षाही अशीच ठरलेली आहे. दोन वर्षे वाट पाहणे परवडत नाही, म्हणून नमुना ५४ अंश सेल्सियसला १४ दिवस ठेवतात. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होतात. त्यामुळे दोन आठवड्यांतच पुढच्या दोन वर्षांचा अंदाज येतो.

गेरू आणि रांगोळी

प्रत्येक रसायन तेलकट विद्रावकात पुरेसे विरघळतेच असे नाही. काही पदार्थ स्फटिकरूप असतात. त्यांची भुकटी शंखजिरे किंवा चिनी माती यांत मिसळून धुरळणे, हा सोपा मार्ग होता. बी.एच.सी.ची १० टक्के भुकटी आपल्याकडे वर्षानुवर्षे अशीच वापरली गेली. १९९७ साली भारतात बी.एच.सी.वर बंदी आली. भुकटीला पाणी लागत नाही, पण ती वाऱ्यावर उडते आणि धुरळणाऱ्याच्या नाकातोंडात जाते.

मग पाण्यात कालवता येणारी भुकटी आली. इथे गाळाचा प्रश्न उभा राहतो. एका पेल्यात रांगोळी ढवळा, दुसऱ्यात गेरू. रांगोळी लगेच तळाशी बसते, गेरूचे पाणी बराच वेळ लाल राहते. कारण गेरूचे कण बारीक असतात. कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. पाण्याच्या १.४ पट घनतेचा, ५० मायक्रोमीटर व्यासाचा कण घ्या. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा कण फवारणी पंपातील ४० सेंटिमीटर खोल पाण्यात सुमारे १२ मिनिटांत तळ गाठतो. व्यास ५ मायक्रोमीटर केला, की वेग शंभर पटींनी घटतो आणि त्याच प्रवासाला सुमारे २० तास लागतात. पंप रिकामा होईपर्यंत हे पुरेसे आहे.

पण भुकटी मापताना उडणारच. म्हणून ती कारखान्यातच पाण्यात दळून दाट द्रव का करू नये? असे द्रव आज मिळतात. बाटलीवर त्यांची खूण 'एस.सी.' अशी असते. त्यांत ज्वालाग्राही विद्रावक नाही, की उडणारी धूळ नाही. मात्र २० तास पंपाला पुरले, तरी बाटलीला दोन वर्षे काढायची असतात. कण आणखी बारीक करूनही भागत नाही, कारण अतिशय बारीक कण हळूहळू विरघळतात आणि त्यांचे द्रव्य मोठ्या कणांवर जमते. साखरलेल्या मधात किंवा रवाळ तुपात कण कसे वाढतात, ते आठवा. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या गोदामात हे अधिक घडते.

यावरचा एक उपाय स्वयंपाकघरातील टोमॅटो सॉसच्या जातीचा आहे. स्थिर असताना घट्ट आणि हलवले की पातळ, असा गुण काही डिंकांत असतो. झँथन डिंक त्यांपैकी एक. तो थोडासा घातला, की त्याच्या जाळ्यात कण अडकून राहतात आणि बाटली हलवली की द्रव सहज ओतला जातो. बाटलीवर 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा' असे लिहिलेले असते, ते या कारणासाठी. न हलवता वरचा पातळ भाग एका शेतात आणि खालचा दाट भाग दुसऱ्या शेतात गेला, तर पहिल्या शेतात कीड मरत नाही आणि दुसऱ्या शेतातील भाजी-फळांवर विषाचा अंश राहतो.

अळवाचे पान

पंपातून निघालेला थेंब पानावर पोचला म्हणजे काम झाले, असे नाही. अळवाच्या पानावर पाणी मोत्यासारखे घरंगळते, हे तुम्ही पाहिले असेल. पानावरील अतिसूक्ष्म उंचवटे आणि मेणाचा थर यांमुळे पाणी पानाला धरतच नाही. कोबीची आणि कांद्याची पातही थोडीफार अशीच. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. योग्य पृष्ठक्रियाकारक मिसळला, की तो ३० च्या आसपास येतो आणि थेंब पसरतो. पण येथेही अति तेथे माती. प्रमाण जास्त झाले, तर द्रव पानावरून ओघळून जमिनीवर पडतो.

एक प्रश्न सुटतो, दुसरा उभा राहतो

आता सुरुवातीला सांगितलेले मर्म आठवा. तेलाची ओढ असलेले रसायन कीटकाच्या मेणचट चिलखतातून आत जाते. माणसाच्या त्वचेचा वरचा थरही स्निग्ध असतो. म्हणून तेच रसायन त्वचेतूनही शिरते आणि तेलकट विद्रावक त्याला वाट सोपी करून देतो. बाटलीतील संहत द्रावण हातावर सांडणे हे पंपातील पातळ फवाऱ्यापेक्षा कितीतरी धोक्याचे, ते यामुळेच.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी झाडे माणसाच्या उंचीची झाली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. दमट उकाड्यात अंग घामाने भिजलेले होते. संरक्षक कपडे नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. लक्षात घ्या, प्रत्येक बाटलीचे सिद्ध रूप स्वतंत्रपणे पारखलेले असते. अनेक बाटल्या एकत्र ओतल्या, की विद्रावक आणि पायसीकारक यांचे असे मिश्रण तयार होते, ज्याची परीक्षा कोणीच घेतलेली नसते.

विष हातापासून दूर ठेवण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञांनी अनेक केले. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिथिल पॅराथिऑन हे जहाल द्रव्य नायलॉनसारख्या पदार्थाच्या सूक्ष्म पुटिकांत भरून 'पेनकॅप-एम' या नावाने विकण्यात आले. विष हळूहळू बाहेर पडे आणि माणसाला धोका कमी होई. पण पुटिका आकाराने परागकणांसारख्या होत्या. मधमाश्यांनी त्या परागांबरोबर पोळ्यात वाहून नेल्या आणि पोळीच्या पोळी मेली! कार्बोफ्युरानचे दाणे जमिनीत पेरले, म्हणजे फवाराही नको आणि धूळही नको. पण ते दाणे पक्ष्यांनी टिपले. अखेर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९१ साली दाणेदार कार्बोफ्युरानचा बहुतेक वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. भारतात २०२३ च्या आदेशाने कार्बोफ्युरानची इतर सर्व रूपे थांबवून फक्त ३ टक्क्यांचे आवरणयुक्त दाणे ठेवले. एकाच विषाच्या दोन रूपांना कायद्याने दोन वेगळे न्याय लावले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

म्हणूनच या शास्त्रात शेवटचे उत्तर असे नसते. विद्रावकाऐवजी पाणी, धुळीऐवजी न उडणारे दाणे, कमी विषारी सहद्रव्ये, अशा दिशांनी संशोधन चालू असते. याच कामासाठी भारतात गुरुग्राम येथे १९९१ साली कीटकनाशकांच्या फॉर्म्युलेशनची एक स्वतंत्र संस्था सुरू झाली.

करून पाहा

पुढील प्रयोग वर्गात करता येतील. कीटकनाशक किंवा त्याची रिकामी बाटली मात्र कोणत्याही प्रयोगाला वापरू नका.

१. दोन बाटल्यांत पाणी व चमचाभर खाद्यतेल घ्या. एकीत भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब टाका. दोन्ही सारख्या हलवून तासभर ठेवा. तेल कोठे लवकर वर येते?

२. विहिरीच्या आणि पावसाच्या पाण्यात अंगाच्या साबणाचा चुरा विरघळवून हाच प्रयोग करा. चोथा कोणत्या पाण्यात होतो?

३. अळवाच्या पानावर साध्या पाण्याचा आणि साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवून दोन्हींचा व्यास मोजा.

४. रांगोळी आणि गेरू सारख्या उंचीच्या पाण्यात ढवळून वरचे पाणी स्वच्छ होण्यास लागणारा वेळ नोंदवा.

घरी शेती असेल, तर मोठ्यांच्या सोबतीने, बाटलीला हात न लावता, तिची चिठ्ठी वाचा. एका कोपऱ्यात चौकोनी खूण दिसेल. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग अनुक्रमे पिवळा, निळा आणि हिरवा. नावापुढील अक्षरे सिद्ध रूप सांगतात. 'ई.सी.' दिसले, तर आत त्वचेतून वाट काढणारा विद्रावक आहे, म्हणून हातमोजे हवेतच. भुकटी असेल, तर नाकातोंडावर आच्छादन हवे. 'एस.सी.' असेल, तर आधी बाटली हलवायला हवी. हे घरातील फवारणाऱ्याला वाचून दाखवा. अक्षरे बारीक असतात आणि पंप भरण्याच्या घाईत ती बहुधा कोणी वाचत नाही.